काचेआडचे खेळ

"ताई, हे बघा तुमच्या पोरांचे प्रताप," मगदूमवहिनी म्हणाल्या आणि त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

कपाटाच्या काचेवर एका लहानग्या नाकाचा ठसा उमटला होता. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन तळवे. कुणीतरी बराच वेळ काचेला तोंड लावून आत बघत उभं राहिलं असणार. वहिनींनी काचेवर फुंकर मारली आणि पदराच्या टोकानं तो ठसा पुसून टाकला.

"यांना कपाटापासून लांब ठेवत जा. काच फुटली म्हणजे?"

"काच वाचवायचा एक सोपा उपाय आहे, वहिनी," मी म्हणाले. "दार उघडं ठेवायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू नैवेद्य दाखवायच्या आधीच पोरांना पुरणपोळी वाढा, असं मी सुचवलं होतं. मग त्या हसल्या. माझं बोलणं त्या कधीच मनावर घेत नसत, आणि मला खरा राग त्याचाच यायचा.

मी तेव्हा इचलकरंजीत, यंत्रमागांच्या एका गल्लीत, बालवाडीवर होते. शिकवत होते मी. चालवत होतं महिला मंडळ, आणि महिला मंडळ म्हणजे मगदूमवहिनी. खोली एकच. दोन्ही अंगांना मागांचे कारखाने, त्यामुळे दिवसभर खटक-खटक चालू. आमची मुलं साधं 'पाणी द्या' म्हणतानाही ओरडत, कारण हळू बोललेलं ऐकू येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या आया शेजारच्याच कारखान्यांत कांडी मशीनवर सूत भरायला जायच्या.

सूत ज्यावर गुंडाळून येतं ते कागदी कोन सूत संपलं की कारखानदार फेकून देतात. गल्लीच्या मागे त्यांचे ढीग पडलेले असायचे. मी ते पोत्यानं उचलून आणले, रंगवले, त्यांच्यावर ठिपके काढले. एका ठिपक्याचा कोन खाली, त्यावर दोनाचा, त्यावर तिनाचा, अशी उतरंड रचायची. क्रम चुकला की रंगांची ओळ बिघडायची आणि आपण चुकलो हे मुलाचं मुलालाच कळायचं. मी सांगायला नको. चिंध्यांची एक पिशवी शिवली. तिच्यात हात घालायचा आणि न बघता खरखरीत कापडाला खरखरीत, मऊला मऊ अशी जोडी शोधायची. गोणपाटावर आमच्याच गल्लीची सापशिडी रंगवली. नळाला पाणी आलं की शिडी, हणबरांच्या कुत्र्यापाशी साप. अख्खी मे महिन्याची सुट्टी मी त्यात घातली, आणि घरचे म्हणाले, ही बाई लहान मुलांना शिकवता शिकवता स्वतःच लहान झाली.

बालवाडी उघडली त्या दिवशी वहिनी आल्या. एकेक वस्तू हातात घेऊन त्यांनी डोळे भरून बघितली.

"ताई, तुमच्या हातात काहीतरी आहे हो. एवढं सुंदर, आणि टाकाऊतून?"

मी फुगले. फुगायला नको होतं, पण कौतुक कुणाला नको असतं? दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून एक लोखंडी कपाट आलं. काचेची दारं, आणि वर पाटी: 'कै. आप्पासाहेब मगदूम यांच्या स्मरणार्थ'. वहिनींनी स्वतःच्या हातांनी सगळे खेळ त्यात मांडले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली. "आता कशाची चिंता नाही," त्या म्हणाल्या. मुलांनी तोवर एकाही कोनाला हात लावला नव्हता.

बाई वाईट नव्हती. हे मी तेव्हाही कबूल करत होते, म्हणून तर जास्त जळफळाट व्हायचा. मुलांसाठी त्यांच्या घरून चिक्की यायची. कुणाला ताप भरला तर त्या स्वतः रिक्षा करून दवाखान्यात न्यायच्या. पण चांगलं ते पाहुण्यांसाठी, ही त्यांच्या घरची रीत होती. चांगल्या कपबशा पाहुण्यांना, चांगली चादर पाहुण्यांना, पुढची खोली तर बंदच. त्यांच्या स्वतःच्या मुलांनी त्या सोनेरी काठाच्या कपातून कधी चहा प्यायला असेल असं मला वाटत नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार.

आणि पाहुणे सारखे येत. कुठल्या क्लबाचे पदाधिकारी, कुठल्या बँकेचे साहेब, नगरसेवकांच्या घरची मंडळी. मुलं रांगेत बसायची, हाताची घडी, तोंडावर बोट. वहिनी कपाट उघडायच्या. पाहुणे एक कोन उचलायचे, दुसऱ्यावर ठेवायचे, "अरे वा" म्हणायचे. फोटो व्हायचा. मग कोन आत, कुलूप, आणि मुलांना एकेक बिस्किट. मी त्या फोटोंत कडेला उभी असे, कपाळाला आठ्या घालून.

माझी मुलं तोवर खडे, पानं आणि स्वतःच्या चपला मोजून शिकत होती.

पावसाळा सरला आणि वहिनींच्या दिरांनी, अण्णांनी, खोली परत मागितली. खोली त्यांची होती. त्यांना सूत ठेवायला जागा पुरत नव्हती. "पोरांचं काय, कुठंबी बसत्यात," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याशी भांडून दिवाळीपर्यंतची मुदत मिळवली. पुण्याची एक संस्था आमच्या भागातल्या बालवाड्या आपल्याकडे घेत होती. त्यांनी आमची घेतली, तर खोलीचं भाडं संस्था देणार आणि अण्णांचं तोंड बंद होणार. त्यांच्या बाई बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं नाही, तर सुताची पोती आत आणि मुलं बाहेर.

बाहेर म्हणजे कुठं, हे मला पुरतं ठाऊक होतं. आमच्यात नसीम नावाची एक चार वर्षांची मुलगी होती. तिचे केस पोरासारखे बारीक कापलेले असत. बालवाडीत यायच्या आधी ती आईजवळ, कांडी मशीनखाली खेळत बसायची, आणि एक दिवस तिची वेणी पट्ट्यात अडकली. शेजारणीनं झटकन बटण बंद केलं म्हणून नुसत्या केसांवर भागलं. तिच्या आईनं त्याच संध्याकाळी कात्री घेतली, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला माझ्या दारात आणून उभी केली. "हितंच ऱ्हाऊ दे दिवसभर," एवढंच म्हणाली होती ती.

म्हणून मी वहिनींच्या मागे लागले.

"त्या पुण्याच्या बाई मुलांना खेळायला सांगतील," मी म्हटलं. "आणि आपल्या मुलांना खेळता येणार नाही. मग काय तोंड दाखवायचं?"

"येईल हो. त्यात काय अवघड आहे? कोनावर कोन ठेवायचा."

"त्यांनी तो कधी हातात घेतलेला नाही."

"म्हणून तर इतका नवा दिसतो," वहिनी म्हणाल्या.

मी घरी गेले आणि नवऱ्याशी भांडले, कारण तो समोर होता.

मग मी दुसरा संच केला. एक कपाटात, एक मुलांसाठी, असा माझा हिशेब. कोन वाळत घातले होते त्याच दिवशी वहिनी चिक्की घेऊन आल्या.

"अगबाई, आणखी केलेत? मला वाटतच होतं, खालचा कप्पा रिकामा दिसतो म्हणून."

दुपारपर्यंत तो संच खालच्या कप्प्यात गेला.

मग मी ठरवलं की यांच्या नजरेत भरणारच नाही असं काहीतरी करायचं. तेलकट, चेपलेले, कुणीही पायानं उडवावेत असले कोन निवडले. रंग दिला नाही. कोळशानं ठिपके काढले, तेही वेडेवाकडे. आमची मदतनीस गौराक्का ते बघून म्हणाली, "ताई, ह्यास्नी तर भंगारवाला बी घेणार न्हाई." मी खूश झाले. मुलांपुढे ठेवायचे एवढंच बाकी होतं. पण वहिनींच्या घरी कोल्हापूरची भाची आली होती, चित्रकला शिकणारी, आणि वहिनी तिला बालवाडी दाखवायला घेऊन आल्या. भाचीनं ते कोन बघितले आणि तिला दया आली. सगळे उचलून घरी नेले. परत आले तेव्हा त्यांच्यावर पांढऱ्या रंगात सुरेख वारली नक्षी होती. नाचणारी माणसं, झाडं, मोर. माझे ठिपके त्या मोरांच्या पिसाऱ्यात कुठं गेले, देव जाणे. तो संच मधल्या कप्प्यात, अगदी डोळ्यांसमोर लागला.

"ताई," गौराक्का म्हणाली, "आता तुमी शेणाची खेळणी करा. ती कुनी कपाटात ठेवणार न्हाई."

"ठेवतील," मी म्हणाले. "वाळवून, वर्ख लावून ठेवतील."

शेवटी मी अभिमान गिळला आणि सरळ किल्ली मागितली. एक दिवस द्या, म्हटलं. एक सकाळ. वहिनींनी माझा हात हातात घेतला.

"ताई, तुमची तळमळ मला कळत नाही का? पण हे आत्ता मळलं, फाटलं, तर त्या बाईंना काय दाखवायचं? खोली जाईल हो. एकदा त्या पाहुण्या येऊन जाऊ देत. मग दिवसभर खेळू देत पोरांना."

पाहुणे येऊन जाऊ देत, हे मी जूनपासून ऐकत होते. एक पाहुणा गेला की दुसरा यायचा असायचा. पण या वेळी त्यांचेही डोळे भरले होते. खोलीची काळजी त्यांनाही होतीच. त्यासाठी त्या सख्ख्या दिराशी भांडल्या होत्या. आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी धडपडत होतो आणि एकमेकींच्या पायांत पाय घालत होतो. मी हात सोडवून घेतला आणि मुलांकडे गेले.

पुण्याच्या बाई आल्या त्यांचं नाव शरयू खांबेटे. साधी सुती साडी, पांढरे केस, हातात कापडी पिशवी. त्यांनी दारात चपला काढल्या, खुर्ची नाकारली आणि सरळ सतरंजीवर मांडी घातली. आजवर एकही पाहुणा खाली बसला नव्हता. मी मनात म्हटलं, ही बाई माझ्या बाजूची आहे.

मुलं रांगेत होती. हाताची घडी, तोंडावर बोट. वहिनींनी कपाट उघडलं, सगळे खेळ आणून सतरंजीवर मांडले आणि त्या भाषण सुरू करणार तेवढ्यात खांबेटेबाई म्हणाल्या, "सुरेख आहे सगळं. आता मुलांना खेळू द्या. मी नुसती बघत बसते."

मी वहिनींकडे बघितलं. बघा, मी सांगत नव्हते? पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"या रे बाळांनो," खांबेटेबाई म्हणाल्या. "घ्या."

कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, मुलं बुजली. त्यांनी एक लाल कोन उचलून नसीमपुढे धरला, कारण ती पहिल्या रांगेत अगदी समोर होती.

"घे ना गं. काय नाव तुझं?"

नसीमनं नाव सांगितलं, मोठ्यानं, आणि बोट पुन्हा तोंडावर ठेवलं. कोन घेतला नाही. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग वहिनींकडे.

"नसीम, घे," मी म्हटलं. "खेळ. काही होत नाही."

तिनं मान हलवली.

"का गं, आवडला नाही?" खांबेटेबाईंनी विचारलं.

"आमचं न्हाई ते."

"मग कुणाचं आहे?"

"पाव्हण्यांचं," नसीम म्हणाली. बाईंना एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं, कारण तिनं नीट समजावून सांगितलं. "तुमी खेळा की. आमी गप बसतोय. तुमचं खेळून झालं की आमाला बिस्किट मिळतंय."

शेजारचे माग तेवढे चालू होते. वहिनींचा चेहरा उतरला. संपलं, मी म्हटलं. या बाईंना सगळं कळलं. पोती येणार.

खांबेटेबाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले. आणि त्या हसायला लागल्या.

"मगदूमबाई," त्या म्हणाल्या, "सगळं आयुष्य शाळेत गेलं माझं, पण ही शिस्त मी पाहिली नाही. समोर एवढी रंगीत खेळणी, आणि एकही हात पुढे येऊ नये? वर पाहुण्यांना आधी देण्याची समज! आमच्याकडे, पुण्यात, मुलं पिशवीतून ओढून घेतात हो. हे संस्कार कुठून आणायचे?"

"सगळं ताईंचं," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

खांबेटेबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग, नसीमच्या आग्रहाचा मान राखायचा म्हणून, त्या स्वतः खेळल्या. चार कोन एकावर एक ठेवले, तेही चुकीच्या क्रमानं. पिशवीत हात घालून एक चिंधी काढली आणि "अरे वा" म्हणाल्या. मुलं गप्प बसून, अगदी मन लावून बघत होती. शेवटी त्यांनी सांगून टाकलं: संस्था बालवाडी घेईल, भाड्याचं पत्र पुढच्या आठवड्यात येईल, आणि अशा केंद्राला शोभेल असं आणखी एक मोठं कपाट त्या स्वतः पाठवतील. ते पुढे खरंच आलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मला ओरडून सांगायचं होतं की अहो बाई, ही शिस्त नाही. ही मुलं त्या कोनांना कधी शिवलेली नाहीत. ह्या खेळांतून त्यांना एकच गोष्ट शिकवली गेली आहे, ती म्हणजे हे आपलं नाही. मी तोंडही उघडलं. पण समोर नसीम बसली होती, ते बारीक कापलेलं डोकं वर करून, बिस्किटाची वाट बघत. खोली वाचली होती. कशानं का असेना, वाचली होती, आणि माझ्या एका वाक्यानं ती पुन्हा जाऊ शकली असती.

"चहा घेणार ना?" मी विचारलं.

चहा झाला. सोनेरी काठाच्या कपांतून झाला. वहिनी खांबेटेबाईंना गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. आनंदाच्या भरात त्या सगळं तसंच टाकून गेल्या. खेळ सतरंजीवर, कपाट सताड उघडं. गौराक्का कपबशा विसळायला मागे गेली. मी दारातून गल्लीत डोकावले. गाडीपाशी अजून निरोप चालले होते.

"चला," मी मुलांकडे वळून म्हटलं. "खेळा आता. घ्या सगळं."

कुणी हललं नाही.

"अरे, पाहुणे गेले. आता तुमचंच आहे हे."

"मग आत ठेवा की," नसीम म्हणाली.

मी एक कोन उचलून तिच्या हातात दिला. तिनं तो, चटका बसावा तसा, खाली ठेवला आणि हात पाठीमागे घेतले. मी दुसऱ्या मुलाला दिला. त्यानंही तेच केलं. माझा आवाज चढला. "मी सांगतेय ना, घ्या म्हणून! तुमच्यासाठी केलंय मी हे, तुमच्यासाठी!" एक पोरगं रडायला लागलं. मी ओरडून मुलांना खेळायला लावत होते. महिनोन् महिने ज्याच्यासाठी भांडले ते समोर पसरलेलं होतं, कुलूप नव्हतं, वहिनी नव्हत्या, आणि माझी मुलं हात पाठीमागे बांधून बसली होती. मला रडू आवरेना. मी पाठ फिरवून कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

मग मी डोळे पुसले.

"उठा सगळे," मी म्हटलं. "बाहेर चला."

त्यांना वाटलं शिक्षा आहे. मुकाट उठून रांगेनं ओट्यावर गेली. मी दार आतून लावून घेतलं. मागच्या दारातून ओल्या हातानं गौराक्का आली.

"काय करतायसा, ताई? डोस्कं फिरलं का?"

"तू बघ नुसती," मी म्हटलं आणि पदर नीट करून दार उघडलं. हात जोडले. "या, या! केव्हा आलात? प्रवास बरा झाला ना? चपला तिथं काढा, आणि आत या, पाहुणे."

सगळ्या मुलांनी मागे वळून बघितलं. मागे गल्ली रिकामी होती.

"कोन आलंय?" नसीमनं विचारलं.

"तुम्ही आलात."

"आमी?"

"हो. आज तुम्हीच पाहुणे. बसा ना, सगळं तुमच्यासाठीच मांडून ठेवलंय."

नसीमनं यावर विचार केला. मला तिच्या कपाळावरून तो दिसत होता. मग तिनं चपला काढून जोडीनं ठेवल्या, फ्रॉक खाली ओढला आणि ती आत आली. घाई न करता, मान जरा वर करून. सतरंजीवर मांडी घातली. लाल कोन उचलला, चहूबाजूंनी बघितला.

"अरे वा," ती म्हणाली.

मग बाकीचे पाहुणे आले, आणि येताना एकमेकांना ढकलत आले. त्यानंतर काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण सगळं एकदमच झालं. चिंध्यांच्या पिशवीत चार हात एका वेळी गेले. गोणपाटाच्या सापशिडीवर कुणीतरी चालतच सुटलं आणि हणबरांच्या कुत्र्यापाशी येऊन भुंकलं. मागांच्या वर आवाज चढवून पोरं खेळत होती, आणि गौराक्का ओले हात पुसायचे विसरून बघत होती. नसीमची उतरंड पडायची. ती पुन्हा रचायची. रंगांची ओळ कशी लागते ते तिला अजून सापडलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं दिसलं होतं, आणि आता ती माझ्याकडेही बघत नव्हती.

आणि दारात मगदूमवहिनी उभ्या राहिल्या. चेहरा आनंदानं फुललेला, तो बघता बघता विझला. एक वारली कोन कुणाच्या तरी गुडघ्याखाली पार चपटा झाला होता. दुसरा एकाच्या डोक्यावर टोपी म्हणून बसला होता.

"ताई..." त्या म्हणाल्या.

जूनपासून मी बोलतच होते. आता भांडण झालं तर होऊ दे, नोकरी गेली तर जाऊ दे, खोली तर आता जात नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पण वहिनी माझ्याकडे येण्याआधी नसीमनं मान वर केली आणि त्या कुणी लांबून आल्या असाव्यात तसं त्यांना सरकून जागा करून दिली.

"या की," ती म्हणाली. "बसा."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. मग त्यांनी दाराची चौकट धरून हळूहळू गुडघे वाकवले आणि एका हातानं जुडगा सावरत त्या सतरंजीवर टेकल्या. इतक्या महिन्यांत त्या खोलीत त्यांना खाली बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते. नसीमनं हातातला कोन त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो दोन बोटांनी धरला. त्याच्यावरचा डाग पदरानं पुसावा असं त्यांच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण पोरगी वाट बघत होती. शेवटी, एकदाचं उरकावं म्हणून, त्यांनी तो समोरच्या उतरंडीवर ठेवून दिला.

"चुकलं," नसीम म्हणाली.

त्या गल्लीत मगदूमवहिनींना हा शब्द आजवर कुणी ऐकवला नव्हता. मंडळातल्या बायकांनी नाही, अण्णांनी नाही, आणि एवढी तोंडाळ मी, पण मीही नाही. खोलीतला गोंगाट चालूच होता, त्यामुळे तो ऐकला फक्त आम्ही तिघींनी.

वहिनींनी कोन परत उचलला. डोळ्यांजवळ नेऊन त्याच्यावरचे ठिपके बघितले, मग उतरंडीतल्या खालच्या कोनावरचे बघितले. हे ठिपके कशाला आहेत, हे त्यांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

"मग कसं असतं गं?" त्यांनी नसीमला विचारलं.

नसीमलाही अजून ते नीट माहीत नव्हतं. ती सरकून वहिनींच्या मांडीला टेकली, सगळी उतरंड पाडली, आणि दोघींनी पहिल्यापासून सुरुवात केली.